ओणीपर्यंतची वाफ

रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, भाट्यात, गोदाबाईकडे स्वयंपाक शिकायला जी कोणी गेली, ती कपाळावर हात मारून परत आली. बाईच्या चवीबद्दल दुमत नाही; बांगड्याचं तिखलं चुलीवर चढलं की वाडीतली मांजरं कामधंदा सोडून तिच्या मागल्या दारी बसायची. पण तऱ्हा पाहा! मीठ घालायचं ते डोळे मिटून. का, तर उघडे डोळे हावरे, हात सैल सोडतात. रागात असली तर मिठाच्या बरणीला शिवायचीच नाही, शेजारणीला हाक मारून तिच्या हातानं घालून घ्यायची, आणि राग बहुतेक वेळा त्या शेजारणीवरच असायचा. वाल शिजेनात तर पातेल्यात करवंटीचा तुकडा. मोदकपात्राच्या पाण्यात जुना ढब्बू पैसा. पैसा खुळखुळतोय तोवर पाणी आहे, गप्प झाला की धावा.

आणि वेळ बघायला घड्याळ? छे हो! तिच्या स्वयंपाकघरात वेळ चालायचा तो एसटीनं. नवरा गंगाराम अठ्ठावीस वर्षं रत्नागिरी-राजापूर गाडीवर कंडक्टर. बाई त्या रस्त्यावरचे थांबे पुटपुटत रांधायची. अंडी हातखंब्यापर्यंत, भात लांज्यापर्यंत, आणि फणसाच्या रसाची वाफवलेली सांदणं थेट ओणीपर्यंत. गंगाराम जाऊन सहा वर्षं झाली, तरी गाडी चालूच होती.

यंदाच्या मे महिन्यात मात्र पंचाईत झाली. गोदाच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरनं बजावलं, पंधरा दिवस चुलीपाशी फिरकायचं नाही, वाफ तर अजिबात नाही. नेमका त्याच आठवड्यात यमुनाबाईंचा फोन आला. या गंगारामच्या थोरल्या बहीण, राजापूरला दिलेल्या, ऐंशी पार केलेल्या. दर मे महिन्यात भावाच्या घरची सांदणं खायला यायच्या. फोनवर म्हणाल्या, "गोदा, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय बघ. ह्या खेपेला येते. पुढच्या वर्षाचं काय खरं नाय."

आता आली का पंचाईत! सांदण बिघडलं असतं तर वन्सनी ते निमूट खाल्लं असतं, आणि गोदाला तेच नको होतं. यमुनाबाईंनी नावं ठेवली तर चालेल, पण शेवटच्या खेपेला कीव करून खाल्लेलं सांदण? त्यापेक्षा फणस गुरांना घातलेला बरा.

राहता राहिली सून, मनस्वी. पोर गुणाची, पण नारळ संशोधन केंद्रात कामाला असल्यामुळे तिला सगळं मोजून लागायचं. सकाळी सकाळी तिनं बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून रस काढला, भाजलेल्या तांदळाच्या कण्या भिजवल्या, गूळ वजन करून घातला. गोदा काळा चष्मा लावून पडवीत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, मुकादमासारखी बसली.

"आई, वाफवायचं किती मिनिटं?"

"मिनिटं मला काय म्हायत? ओणी येईस्तोवर."

मनस्वीनं थांबे कागदावर लिहून घेतले. कुवारबाव, खेडशी, हातखंबा, पाली, आंजणारी, लांजा, वाकेड, ओणी. झाले आठ. हिशेबी पोर ती, एका थांब्याला एक मिनिट धरलं आणि आठव्या मिनिटाला झाकण उचललं. सांदणं आत गिच्च, वर खड्डा. सांदणाचा स्वभाव असा की अर्ध्यात झाकण काढलं की ते रुसतं, मग कितीही वाफ द्या, फुगत नाही.

मनस्वीनं एक वाटी खिडकीतून पुढे केली. गोदानं त्यात बोट घातलं आणि कपाळ बडवून घेतलं.

"अगो बाय माझे! गाडी कुठं थांबलीच नाय? विनाथांबा नेलीस काय?"

"तुम्हीच सांगितलेत ना थांबे! मग तुम्ही एकेका ठिकाणी थांबता तरी किती?"

रस उरला होता दोन घाण्यांपुरता, वन्सची गाडी अकराला स्टँडवर लागणार होती, आणि खरं कारण सांगायचं म्हटलं तर गोदाला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. थांबे ती तोंडानं म्हणायची, एवढंच लोकांना ठाऊक. दोन थांब्यांच्या मध्ये ती मनातल्या मनात गंगारामशी बोलायची. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हे कळलं तर म्हातारीच्या डोळ्याचं नाही, डोक्याचं ऑपरेशन करा म्हणतील!

पण सांदणाचा सवाल होता. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "ठेव पात्र चुलीवर. आणि हसलीस तर याद राख."

"हसत नाही," मनस्वी म्हणाली आणि हसू दाबायला पदर नसल्यामुळे टॉवेल तोंडाशी धरला.

"कुवारबाव," गोदानं सुरू केलं. "अहो, मागच्या बाकावरच्या बाईचं तिकीट राहिलं बघा. झोपेचं सोंग घेतलंय तिनं... खेडशी. डबा उघडू नका एवढ्यात, दुपारी काय खाल?... हातखंबा. मफलर गुंडाळा, खोकला वाढलाय."

मनस्वीचं हसू हातखंब्यालाच उतरलं. ती चुलीपाशी तशीच उभी राहिली.

पालीला जोरदार भांडण झालं. "बिल्ला घरी विसरलात. मी पुलावरून धापा टाकत स्टँडवर आणून दिला. चारचौघांत एक शब्द गोड बोललात काय? उलट म्हणता, उशीर केलास!" आंजणारीच्या घाटात बाई गप्प राहिली, घाटात बोललं की ड्रायव्हर चिडतो. लांज्याला चहा. मनस्वीनं लगबगीनं कप खिडकीत ठेवला आणि गोदानं तो फुंकर मारमारून सावकाश संपवला. वाकेडला आवाज खाली आला. "तुम्ही लावलेला फणस धरलाय हो. सून चांगली मिळालीय. मोजमापाची खोड तेवढी वाईट, पण जाईल... ओणी. काढ गो झाकण."

मनस्वीनं झाकण उचललं. सांदणं टम्म फुगली होती, पिवळीधमक, वर एक चीर नाही.

"आणि राजापूर?" मागून आवाज आला.

पडवीच्या पायरीवर यमुनाबाई उभ्या होत्या, हातात पिशवी. पालीच्या भांडणापासून त्या तिथंच होत्या. मनस्वीनं त्यांना पाहिलं होतं, पण त्यांनी तिला बोटानं गप्प केलं होतं.

गोदाला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण आता लपवून काय उपयोग? ती म्हणाली, "राजापूर म्हणत नाय मी, वन्स. राजापूर आलं की गाडी रिकामी होते. हे पण उतरून जातात. म्हणून मी आपली ओणीलाच झाकण काढते."

यमुनाबाई पायरीवर बसल्या. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग जो त्यांचा पारा चढला!

"काय गो भवाने! मी तिथं राजापुरात, नि माझ्या भावाला सहा वर्षं ओणीत उभा करून ठेवलायस? अगो, शेवटच्या थांब्यावर कंडक्टर राहतो काय कधी? माझ्या दारात यायचा, उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायचा. बस म्हटलं तर बसायचा नाय. म्हणायचा, आक्का, परतीची गाडी सुटेल, गोदा जेवायची थांबली असेल."

गोदानं काळा चष्मा काढला. डॉक्टरनं डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण आतून येणाऱ्या पाण्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

"असं म्हणायचे?" तिनं विचारलं. "मला तर कधी बोलले नाय."

"तुला कशाला सांगेल? मेला चारचौघांत बोलायला लाजायचा."

मनस्वीनं उरलेला रस वाट्यांत ओतला, पात्र पुन्हा चुलीवर ठेवलं. पैसा पाण्यात खुळखुळायला लागला. तिनं घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही, खिडकीतून सासूकडे बघत थांबली.

गोदानं पदरानं तोंड पुसलं, सावरून बसली.

"राजापूर," ती मोठ्यानं म्हणाली. "पाणी पिऊन झालं ना? चला, सुटा आता. वन्स इथं आल्यात, मी जेवायची थांबलेय."