मावशीचा फोटो आणि वाजणारा अलार्म

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या घरात प्रभू सोडून दुसऱ्या कशाला थारा नाही. तरी हे लिहितेय... कुणाला काही उमगलं तर सांगा.

मी आठवीत शाळा सोडली. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला, मार्था काकूंच्या घरी स्वयंपाकपाणी बघते. बेसमेंटची खोली त्यांनी मला दिलीय, चर्चलाही बरोबर नेतात — त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आमच्या चर्चच्या मराठी मंडळीतले एक ब्रदर दरवर्षी अ‍ॅमेझॉनच्या जंगलात सेवेला जातात. ख्रिसमसला त्यांनी तिथल्या आदिवासींचे फोटो वाटले. ज्याला जो फोटो येईल त्याने त्या माणसासाठी प्रार्थना करायची. मला एक म्हातारी आली, तापाने खंगलेली. नाव विचारलं तर म्हणाले, ते लोक परक्याला नाव सांगत नाहीत. मग मीच तिला मावशी केलं. रोज दुपारी फोटोवर हात ठेवून मागायचे — प्रभू, मावशीला जाऊ देऊ नको.

ईस्टर झाला आणि एका दुपारी प्रार्थना सुरू करताच खोलीतला स्मोक अलार्म वाजायला लागला. कुठे काही पेटलेलं नाही, पण ओल्या लाकडाच्या धुराचा वास. दुसऱ्या दिवशीही तेच. काकूंनी बॅटरी बदलली, मग अलार्मच नवा आणला. मी वर किचनमध्ये प्रार्थनेला बसले, तर तिथला वाजला.

काकू हसल्या. "तुझी प्रार्थना जरा मंद आचेवर ठेव गं, फायर ब्रिगेड येईल."

मीही हसले. अलार्म वाजत राहिला, पण मी प्रार्थना सोडली नाही.

ऑगस्टमध्ये ब्रदर जेवायला आले. मी मावशीची चौकशी केली.

"ती ईस्टरलाच गेली. तुझा हुरूप जाईल म्हणून बोललो नाही."

मग भातावर वरण घेता घेता त्यांनी सहज सांगितलं, की तिथे माणूस गेलं की त्याचं सगळं जाळून टाकतात. काही मागे राहिलं तर त्याचा पाय निघत नाही म्हणे. तिच्या मुलीने फोटोसुद्धा परत मागितला होता.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या आणि बॅकयार्डमधली ग्रिल पेटवली. फोटो मी माझ्या हाताने आगीवर ठेवला.

त्यानंतर अलार्म वाजलेला नाही. टेस्टचं बटण दाबलं की वाजतो, म्हणजे बिघडलेला नाही. ब्रदर म्हणतात योगायोग. असेल... मला तरी अजून कळलेलं नाही. पण ती निघाली होती आणि मी रोज दुपारी तिला धरून ठेवत होते, तेही मायेने. तिची माफी मागायची फार इच्छा होते. पण त्यासाठी हाक मारावी लागेल — आणि हाक ऐकून ती पुन्हा थांबली तर?