उरलेल्या लिंबासाठी चाकू

"काय शेठ, आज कुणाला लुबाडलं?" माझ्या दुकानाची पायरी चढताना तो हे म्हणणारच, तेही समोर गिऱ्हाईक उभं असताना. तुमच्याही गल्लीत असा एखादा नग असेल, जरा आठवून बघा. मिरजगावात आमच्या वाट्याला हा आला होता.

मला तो कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलतील ज्यांना बोलायचं ते.

दुष्काळाच्या वर्षातली गोष्ट. कुलपं, बिजागऱ्या, चाकू-कात्र्या असा माझा माल, आणि गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. हा मात्र रोज हजर. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायला त्याला बारका चाकू हवा होता. होते नव्हते तेवढे मी काढून मांडले. तो एकेक नखानं उघडणार, कानाशी धरून मिटणार आणि ठेवून देणार. "पातं डुगडुगतंय." "ह्यो खिसा फाडंल." "धार हाय का नुसती चकाकी?" रद्दीचे कागद कापून कापून त्यानं माझ्या दुकानात कचरा करून ठेवला. असा आठवडा गेला.

शेवटी मी भडकलो. "एवढ्याशा चाकूनं कुणाचा कोथळा काढायचाय तुम्हाला?"

"लिंबू कापायचंय," तो म्हणाला.

आता हे लिंबाचं सांगायला हवं. त्याचं धाकट्या भावाशी हाडवैर. घराची वाटणी झाली, अंगणात भिंत आली, पण लिंबोणी नेमकी मधोमध. पंचांनी फळं निम्मी-निम्मी ठरवून दिली. दोन्ही घरची मोरी झाडाच्या बुंध्याशी, म्हणून दुष्काळातही झाड तगलं होतं. हा रोज सकाळी पडलेली लिंबं गोळा करायचा आणि भावाची भिंतीवर ठेवायचा. एखादं जास्तीचं उरलं की त्याच्या दोन फोडी. घरात विळी होती, पण बायकोनं बजावलं होतं, तुमच्या भांडणात माझी विळी आणायची नाही.

"अहो, आजचं उरलेलं तुम्ही ठेवा, उद्याचं त्याला द्या," मी म्हणालो. "मिटलं."

"आन् मधीच मी मेलो तर? त्याचं खाऊन मरू व्हय?"

एवढं बोलून त्यानं माशाच्या आकाराचा पितळी चाकू उचलला, पैसे फेकले आणि निघाला. जाताना "लुबाडलंस" म्हणायला विसरला नाही.

पुढं सकाळी दात घासताना मला माझ्या ओट्यावरून ते नाटक दिसायचं. लिंबू भिंतीवर ठेवून, एक डोळा मिटून, हा पातं जरा इकडं, जरा तिकडं सरकवत बसायचा. मग एक फोड भिंतीवर, एक घरात. पलीकडून हात यायचा आणि फोड उचलायचा. दोघांच्या तोंडून शब्द नाही. माझं डोकं उठायचं.

पुढच्या साली पाऊस झाला, झाड लगडलं, आणि हा पोटाच्या दुखण्यानं नगरच्या दवाखान्यात गेला तो गेलाच.

तेराव्यानंतर धाकटा माझ्या दुकानात आला. जन्मात पहिल्यांदा. "चाकू दावा. ल्हान." तोही एकेक उघडून बघायला लागला, तशी माझी सटकली. "भावानं नेला तसलाच घ्या ना. मासा."

"त्यो नगं. वाकडा कापायचा. कायम मोठी फोड माझ्याकडंच यायची. मी गप घ्यायचो, बोललो न्हाई कधी. आता वयनीचा वाटा मला द्यायचाय, त्यो तरी नीट कापाया पायजे."

"माझ्या मालाला नावं ठेवू नका," मी म्हणालो. "आठवडाभर पारखून नेला होता त्यानं. सुतासारखा सरळ कापतो तो."

धाकट्यानं हातातला चाकू मिटून ठेवला. मग दुकानाच्या पायरीवर बसला आणि भर बाजारात रडायला लागला.