तक्रार मिटली असल्यास कळवावे

सासुरवाडीने त्यांचं नाव फुकटराव ठेवलं होतं आणि त्यात ठेवणाऱ्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. फुकटराव घरी बसून सॉफ्टवेअर लिहायचे आणि ते जगाला फुकट वाटायचे. दवाखान्यात किंवा सरकारी खिडकीपाशी भिंतीवरच्या पडद्यावर नंबर उमटतो आणि एक निर्विकार आवाज तो वाचून दाखवतो, ते काम त्यांचं सॉफ्टवेअर करायचं. कुणीही घ्यावं, आतून उघडून बघावं, हवं तसं बदलावं. लग्नाच्या आधी सासऱ्यांना हे तीनदा समजावून सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा त्यांनी शेवटी विचारलं होतं की नोकरी कुठे आहे.

पोट वर्गणीवर चालायचं. वापरणाऱ्याला काही खटकलं की तो तक्रार मांडायचा. तेच ज्यांना खटकत असेल, ते ऐपतीप्रमाणे त्या तक्रारीपुढे पैसे ठेवायचे. दुरुस्ती करील त्याला ती रक्कम. अट एकच होती आणि ती फुकटरावांनीच, बरे दिवस होते तेव्हा, मोठ्या ऐटीत घातली होती. ज्याची तक्रार, त्यानेच स्वतः बघून "माझ्याकडे चाललं" असं लिहायचं. तोवर पैसे जागचे हलणार नाहीत.

या खेपेची तक्रार दातांच्या एका दवाखान्यातून आली होती. तिथे काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, "वीज जाऊन आली की पडदा पुन्हा एक नंबरवर येतो. दाढ दुखणारी माणसं अशा वेळी समजूतदार राहत नाहीत." हे दुखणं सगळीकडचंच निघालं. कधी नव्हे एवढी वर्गणी जमली. फुकटराव कामाला भिडले, सॉफ्टवेअरचं निम्मं पोट उलगडून परत शिवलं, नवीन आवृत्ती सोडली आणि बाईंच्या उत्तराची वाट बघत बसले.

उत्तर आलं नाही. त्यांनी नम्र आठवण केली, मग अतिनम्र आठवण केली. शांतता.

एरवी त्यांनी कळ काढली असती. पण मेहुण्याचं एसीचं दुकान होतं आणि तिथली कॉम्प्युटरसमोरची खुर्ची रिकामी झाली होती. "भावजी, रविवारपर्यंत सांगा," मेहुणा म्हणाला होता. "नाहीतर दुसरा माणूस बघतो." वर्गणी हातात पडली तर घरखर्चातला आपला वाटा उचलून फुकटरावांना वर्षभर स्वतःचं काम करता आलं असतं. नाही पडली तर त्या खुर्चीत बसायचं, आणि सॉफ्टवेअर वाऱ्यावर. त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते जेवतानाही दिसायला लागलं होतं.

"एक उपाय आहे," ते बायकोला म्हणाले. "एक ओळ बदलून पाठवली की सगळ्यांकडे बिघाड परत येईल. उद्या बोंब मारतील. मग नीट करून दिलं की लिहितील मुकाट्याने."

बायको फिजिओथेरपिस्ट होती. ती पोळी मोडत म्हणाली, "माझे पेशंटही मान बरी झाली की तोंड दाखवत नाहीत. म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन ती परत मुरगाळत नाही."

फुकटरावांनी ती ओळ बदलली नाही. बाईंच्या जुन्या मेलखाली दवाखान्याचा नंबर होता, तो फिरवला.

"आमच्याकडे काही अडचण नाहीये," बाई म्हणाल्या.

"तेच लिहा ना."

"अडचण नसल्याचं कोण लिहितं?" बाईंना खरोखरच प्रश्न पडला होता. "आणि आता डॉक्टरांनी बॅटरी बसवून घेतलीये. वीज गेलेली आम्हाला कळतच नाही. मग तुमचं चाललं की बॅटरीचं, हे मी कसं सांगू? न बघता लिहायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय."

फुकटरावांनी कपाळाला हात लावला. ते वाक्य त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"पडद्याचा प्लग काढून बघाल का?"

"माणसं बसलीत इथे. फसलं तर त्यांच्या तोंडी कोण लागणार? तुम्ही या."

शनिवारी फुकटराव गेले. नंबर घेतल्याशिवाय आत कुणाला बसू देत नाहीत, म्हणून बाईंनी त्यांच्या हातात चोवीसची चिठ्ठी ठेवली. पडद्यावर सतरा होता. बाकं भरली होती. गालाला रुमाल बांधलेले एक आजोबा आपल्या चिठ्ठीकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होते.

"दोन मिनिटं पडदा बंद होणार आहे," बाईंनी जाहीर केलं. "जे होईल ते या गृहस्थांमुळे." सगळ्यांनी गृहस्थांकडे बघून घेतलं. बाईंनी पडदा आणि त्यामागचा कॉम्प्युटरचा डबा, दोन्हींचे प्लग ओढले, चार श्वास थांबल्या आणि परत खोचले.

पडदा काळाच राहिला. कुठे काय राहिलं असेल ते सगळं फुकटरावांना एकदम आठवायला लागलं.

"म्हणजे आता परत पहिल्यापासून का?" कुणीतरी विचारलं. आजोबा उठले. त्यांच्यामागे आणखी दोघं उठले आणि काउंटरकडे निघाले.

पडदा उजळला. "नंबर सतरा," निर्विकार आवाज म्हणाला.

आजोबांनी चिठ्ठी पाहिली, पडदा पाहिला आणि परत जागेवर जाऊन बसले. बाकीचेही बसले. एका बाईने मासिकाचं पान उलटलं. कुणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

इतक्या वर्षांत आपलं सॉफ्टवेअर वापरणारी माणसं फुकटरावांनी अशी समोर बसून कधी पाहिली नव्हती. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं, पण त्यांना फार बरं वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"फार ठणकतंय का हो?" शेजारच्या मावशींनी विचारलं. फुकटरावांनी डोळे पुसत नुसती मान हलवली. "माझा अठरा आहे. तुम्ही जा आधी, मी थांबते," म्हणत त्यांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल करूनही टाकली. तिकडे काउंटरवर बाई एका बोटाने टाइप करत होत्या. "माझ्याकडे चाललं," त्यांनी लिहिलं, आणि खाली, "आवाज जरा प्रेमळ करता येईल का?" तेवढ्यात अठरा पुकारला गेला आणि सगळी खोली फुकटरावांकडे बघू लागली. खुलासा करण्यापेक्षा आत जाणं सोपं होतं.

डॉक्टरांना एक दाढ किडलेली सापडली.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. फुकटरावांचा अर्धा जबडा बधिर होता, तरी "नाही" एवढं त्यांना स्पष्ट म्हणता आलं.