तिजानीने पाणी पुढे जाऊ दिलं

रात्रभर घोंगावून दक्षिणेचा वारा पहाटे दमला. धूळ मात्र खाली बसायचं विसरून खजुरांच्या शेंड्यांवर तरंगत राहिली होती. सूर्य उगवला तोही ताकासारखा पांढुरका. तिजानी खांद्यावर फावडं टाकून बागेत आला. आज त्याची पाण्याची पाळी होती. पाटाचं पाणी बागेच्या तोंडाशी येऊन थांबलेलं. मातीने बुजवलेलं दारं फोडलं की ते कांद्यांत शिरणार, मग लसूणघासात, मग डाळिंबांच्या बुडाशी.

त्याने फावडं उचललं, आणि समोरच्या मातीने डोळा उघडला.

दाऱ्याच्या अगदी पुढ्यात, वाळल्या झावळीला लागून, रातवा पाखराची मादी बसली होती. वाळूवर वाळूच सांडावी तशी. छातीखालून एका अंड्याची कड दिसत होती. पाणी आत आलं की पहिल्यांदा तिच्यावरूनच जाणार.

तिजानी तसाच उभा राहिला. गावात त्याला झोपाळू म्हणायचे ते काही उगीच नाही. माणूस साठीला टेकला, पण वसंत आला की तिन्हीसांजेला गच्चीवर उताणं पडून आभाळाकडे कान लावायची पोरवयातली खोड गेली नव्हती. तेव्हा रातवे मोठं वाळवंट ओलांडून पलीकडच्या पावसाच्या मुलखातून येत. बागाबागांतून त्यांची टकटक सुरू व्हायची. फार लांबचं दार कुणी वाजवतंय आणि आतलं कुणी उठतच नाहीये, अशी. ऐकता ऐकता तिजानीला वाटायचं, आपली गच्ची अंथरुणासकट उचलली गेलीय आणि वाळूवरून हळूहळू दक्षिणेला निघालीय. मग खोल विहिरी आल्या. एकाच जातीच्या खजुरांच्या नव्या बागा आल्या, खाली झावळीचं काडूकही न ठेवता झाडून काढलेल्या, वरून औषध फवारलेल्या. बागांतले पतंग, किडे सरले. उरलेसुरले हमरस्त्याच्या दिव्यांभोवती जमले, त्यांच्यामागे रातवे गेले आणि गाड्यांखाली सापडले. गेली कित्येक वर्षं तिजानी गच्चीवर नुसताच पडून राहत होता.

"फोड की दारं!" पाटावरून पाळ्या लावणारा अमोर पाटकरी ओरडला. "उभ्या उभ्या घोरतोयस का?"

"जाऊ दे पुढे, अमोर."

"काय जाऊ दे?"

"पाणी. आज नको मला."

अमोरचा चेहरा उतरला. त्याने हात छातीवर ठेवला, "अल्ला सबुरी देवो," असं पुटपुटला आणि पाणी शेजारच्या हम्मादीच्या बागेकडे वळवलं. किती भला माणूस, तिजानीच्या मनात आलं.

या गावात घरात मयत झालं तरच माणूस आपली पाळी सोडतं. तिजानीलाही हे ठाऊक होतं. पण त्याचं सगळं चित्त त्या अंड्याच्या कडेपाशी.

दुपारी तो घरी आला तर दारात चपलांचा ढीग. आत बायकांचं रडणं. मबरूका! बायको सकाळी भाकरी थापत होती, धडधाकट होती. भिंतीला धरत धरत तो आत शिरला.

मबरूका अंगणाच्या मधोमध उभी होती, कोपरापर्यंत कणकेने माखलेली.

"या! आलं बघा मयत चालत!" ती कडाडली. "पाळी सोडली म्हणे, आता ह्यांनाच विचारा कोण मेलंय ते. मला तर सकाळपासून कळेना!"

तिजानीने भिंत सोडली नाही. बायकोकडे नुसता बघत राहिला.

"अरे बोल की," म्हातारी झोहरा म्हणाली. गल्लीतले सगळे तिला खालती म्हणत, मावशी म्हणावं तसं. "मयताघरचं जेवण म्हणून कुसकुसाची परात डोक्यावरून आणलीय मी. मान मोडली."

"खालती, रातवा बसलाय. दाऱ्यात. अंड्यांवर."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पाखरू?" हम्मादी उठून उभा राहिला. "वाटभर रडत आलो मी तुझ्यासाठी, झोपाळू! आणि पाखरू?"

"आणि माझ्या कांद्यांनी काय प्यायचं?" मबरूका म्हणाली. "ह्यांची स्वप्नं?"

"पुढच्या पाळीपर्यंत पिल्लं निघतील," तिजानी हळूच म्हणाला, "पण पळायची नाहीत. तेव्हाही पाळी सोडावी लागेल मला."

"तोवर कांदे वाळून कोळसा होतील!"

झोहराने परातीवरचं फडकं काढलं. "हम्मादी, त्याचं पाणी आज कुणाच्या वाफ्यात गेलं?"

हम्मादी पुन्हा खाली बसला.

"मयताचं म्हणून घेतलंस. मयत तर हा इथं उभाय. आता परत कसं करशील?"

"पाणी परत होतं का कधी, खालती?"

"मग पुढच्या पाळीला मधला बांध फोड. त्याचं पाणी तुझ्या बाजूने त्याच्या कांद्यांत जाऊ दे."

सगळ्यांनी माना वर केल्या. एकाच्या वाफ्यातून दुसऱ्याचं पाणी जाऊ द्यायचं म्हणजे खत वाहून जातं. त्यापायी इथं सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलीयत. हम्मादीने परातीकडे पाहिलं, मग मबरूकाच्या हातांकडे.

"पिल्लं उडेपर्यंत," तो शेवटी म्हणाला. "उडाली की बांध मीच बुजवणार. आणि रातव्यासाठी नाही हां. वाटेत रडलो त्याची लाज म्हणून."

"कसली का असेना," म्हणत झोहराने त्याच्या पुढ्यात कुसकुसाची पहिली मूठ ठेवली.

सगळे जेवून, हसून पांगले. मबरूका हात धूत होती. तिजानी अजून तिथंच.

"असं काय बघताय? भूत दिसलं का?"

"चपला बघितल्या दारात. मला वाटलं, तू गेलीस."

तिच्या हातांवरचं पाणी निथळत राहिलं. मग तिने खुंटीवरचा विळा काढून त्याच्या हातात दिला.

"गाढव सकाळपासून उपाशीय."

बागेच्या तोंडाकडून, रातव्याच्या बाजूने, तो गेलाच नाही. लांबून वळसा घालून, मागच्या मातीच्या भिंतीवर कण्हत कण्हत चढला, पलीकडे उतरला, आणि खाली बसून लसूणघास कापायला लागला.