सरिताबाईंचं पाचवं शील

रायपुरात शंकर नगरच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना सगळे सरिताबाई म्हणतात, ऑफिसात रामटेके मॅडम, आणि घरी नवरा नुसतं 'ऐकलं काय' म्हणतो. पाऱ्यातल्या विहारात दर रविवारी सकाळी पंचशील सांगायचं काम नऊ वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांनी एक ओळ म्हणायची, मागून चाळीस-पन्नास जणांनी तीच म्हणायची. आवाज असा खणखणीत, की बाजूच्या किराणावाल्या भैयालाही पाचही शीलं पाठ झालेली. एकदा तो म्हणाला, "दीदी, चौथे पे आप बहुत रुकते हो."

"चौथा झूठ न बोलने का है भैया. तराजूवाले को लंबा ही लगेगा."

अशा बाईला कशाची भीती असेल, असं कोणाच्या मनातही आलं नसतं. पण भीती होती, आणि ती रस्त्याची होती.

त्यांचं ऑफिस नव्या रायपूरला गेलं त्या वर्षीची गोष्ट. आवक-जावकचं टेबल सांभाळणाऱ्या सरिताबाई तेलीबांधा तलावाजवळून स्टाफ बसमध्ये बसायच्या. वस्ती संपली की मोठा रुंद रस्ता लागायचा. माणूस नाही, गाय नाही, चहाची टपरी नाही. तिथं आलं की छातीत धडधड सुरू व्हायची, हात गार पडायचे, आत्ता आपण मरतो असं वाटायचं. एके दिवशी त्या बस थांबवून मध्येच उतरल्या आणि तासभर उन्हात उभ्या राहिल्या. परत जायला काही मिळेना, पुढं जायची हिंमत होईना.

तेव्हा एका डॉक्टरनं घबराटीची गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांसाठी. ती पुढं तेरा वर्षं चालली. आधी सकाळी बसच्या आधी एक, मग संध्याकाळी परतताना एक. चिठ्ठी कधीच फाटून गेली होती. औषधाच्या दुकानात नुसतं रिकामं पाकीट दाखवलं की नवं मिळायचं. घरात हे फक्त हरिदासला माहीत होतं. हरिदास म्हणजे नवरा, मालगाडीचा गार्ड म्हणून रिटायर झालेला. पोरगी मोनाली समजायची, मम्मीची बीपीची गोळी आहे.

गेल्या जुलैमध्ये दुकानदारानं पाकीट हातात घेतलं आणि परत सरकवलं.

"दीदी, अब पर्ची लाना पड़ेगा. ऊपर से सख्ती है. नशे की दवा है ये."

दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं उभी होती. सरिताबाईंनी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि तडक घरी आल्या.

रविवारी विहारात पहिली चार शीलं नीट झाली. पाचवं आलं. नशा आणणाऱ्या, भान घालवणाऱ्या पदार्थापासून दूर राहीन, असं ते शील. सरिताबाईंनी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. मागची माणसं थांबली. मग पुढच्या रांगेतल्या राधाबाई डोंगरे यांनी ओळ उचलली, सगळ्यांनी म्हटली, आणि वंदना पार पडली. घसा बसला असेल, असं लोकांना वाटलं.

घरी येऊन सरिताबाईंनी दुसऱ्या पाकिटात उरलेल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या, वरून बादलीभर पाणी सोडलं. नऊ वर्षं लोकांकडून शील म्हणवून घेतलं आणि आपण रोज नशा करत होतो. एवढंच डोक्यात होतं. हरिदासलाही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी झोप गेली. दुसऱ्या दिवशी हात असे कापायला लागले, की आवकच्या रजिस्टरमध्ये आकडा नीट निघेना. तिसऱ्या दिवशी सकाळी, त्याच रिकाम्या रस्त्यावर, सरिताबाई बसच्या सीटवरून खाली पडल्या. अंग ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. कोणी 'मिरगी' म्हणालं. शेजारच्या सीटवरचे भार्गव साहेब पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाशी धरून बसले. ड्रायव्हर राकेशनं मात्र डोकं चालवलं. ऑफिसचं वळण सोडून त्यानं बस सरळ दवाखान्याच्या फाटकात नेऊन उभी केली.

निवेदिता मॅडम तिथं मनाच्या आजारांच्या डॉक्टर. त्यांनी विचारलं, "कब से खा रही थीं?"

"तेरह साल."

"और बंद कैसे की?"

"फेंक दी."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. "एकदम बंद करने से झटका आया है, सरिताजी. जान भी जा सकती थी."

"मॅडम, मैं नशेड़ी हूँ क्या?"

"नहीं. आपका शरीर इसका आदी हो गया है. बीपी की दवा खानेवाले को नशेड़ी बोलती हैं आप? ये धीरे-धीरे छूटेगी. साल भर लग सकता है."

सरिताबाईंनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. बाहेर बाकावर हरिदास बसला होता. तो म्हणाला, "तेरा वर्सं लोड घेऊन चाललेली मालगाडी, अन् तू एकदम ब्रेक मारला. डबे एकमेकावर चढतीन नाई तर काय होईन? मले सांगाचं तरी."

"सांगून काय करत होते तुमी?"

"हिरवी झेंडी तं दाखवली नसती."

गोळी परत सुरू झाली, आता मोनालीलाही कळून. आधी पहिल्याइतकीच, मग अंग स्थिरावल्यावर मॅडमनं जास्त वेळ असर राहणारी दुसरी दिली आणि दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत नेली. सरिताबाईंनी मनाशी ठरवलं होतं: येत्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत गोळी सुटली पाहिजे. तोवर पुढं बसायचं नाही, पाचवं शील तोंडानं म्हणायचं नाही. विहारात त्या मागच्या भिंतीशी बसू लागल्या. शील सांगायचं काम राधाबाईंकडे गेलं. पाचव्या ओळीला सरिताबाई ओठ मिटून घ्यायच्या.

गोळी थोडी कमी केली की चार-पाच दिवस वाईट जायचे. कान वाजायचे, तोंडात लोखंडाची चव यायची, भांड्यावर भांडं आपटलं तरी अंगावर काटा यायचा. एकदा मोनालीच्या हातून ताट पडलं, तर सरिताबाई तिच्यावर अशा ओरडल्या की शेजारीण दारात आली.

मोनाली म्हणाली, "मम्मी, एक गोली पूरी ले लो ना. घर में शांति तो रहेगी."

सरिताबाई खाली वाकल्या. ताटाखालचा भात गोळा करत राहिल्या. थोड्या वेळानं मोनालीच शेजारी उकिडवी बसली आणि भात वेचू लागली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी आईला तेलीबांध्यापर्यंत स्कूटीवर सोडायला लागली. बस सुटेपर्यंत उभी राहायची.

फेब्रुवारीत गाडी अडकली. गोळी आणखी कमी केली आणि जुनी धडधड परतली. मॅडम म्हणाल्या, "तो इस बार मत घटाइए. जल्दी किसको है?"

मला आहे, असं सरिताबाईंच्या मनात आलं. पण जुलैमधली बस आठवली आणि त्यांनी ऐकलं. सहा आठवडे तिथंच थांबावं लागलं. मे महिना आला तेव्हा सकाळची पाव गोळी अजून शिल्लक होती.

बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी पांढरं लुगडं नेसून त्या विहारात पोचल्या. पाव गोळी डबीत तशीच होती. आज वंदना झाल्यावर घेऊ, निदान शीलाच्या वेळी तरी पोटात नको, असा हिशेब. आवारात नळाजवळ राधाबाई उभ्या होत्या. हातात फुलांचं ताट, आणि ताटातली फुलं हलत होती. वारा नव्हता.

सरिताबाईंनी त्यांचा हात धरला. ओला, गार. हा हात त्यांच्या ओळखीचा होता.

"राधाबाई, काय झालं वो?"

"काई नाई. झोप नाई लागली."

"खरं सांगा. चौथं शील हाय."

राधाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. "हे गेल्यापासून मी पन तेच घेतो. घबराटीची. आठ वर्सं झाले. काल बंद केली. हरिदास भाऊनं आमच्या पोराले सांगतलं होतं, गोळी खाते म्हून सरिताबाई शील सांगत नाई. मंग तेच गोळी खाऊन मी कशी सांगू? तेही पौर्णिमेले?"

सरिताबाई ताटाकडं बघत राहिल्या. दहा महिने आपण भिंतीशी बसून होतो आणि त्याला आपण शील पाळणं म्हणत होतो. ही बाई ते समोरून बघत होती.

"गोळ्या फेकल्या काय?"

"नाई. कमरेच्या बटव्यात हायत."

"काढा."

"सरिताबाई, आज नोको..."

"काढा म्हनतो ना. मी तीन दिवसात बसमधे पडली होती. तुमचा पोरगा तं बाहेरगावी, तुमी घरी एकट्या ऱ्हायता."

राधाबाईंनी पाकीट काढलं. सरिताबाईंनी नळावरचा पितळी लोटा भरला. मग स्वतःची डबी उघडली आणि पाव गोळी आधी आपल्या तोंडात टाकली, लोट्यातलं अर्धं पाणी प्यायल्या आणि लोटा पुढं केला. राधाबाईंनी गोळी घेतली.

"उद्या मी सुट्टी टाकतो," सरिताबाई म्हणाल्या. "मॅडमकडे जाऊ. तोवर एकही चुकवाची नाई."

"कुठं बसते मॅडम?"

"नव्या रायपूरले. त्याच रस्त्यानं."

"अन् आता आत कोन सांगन?"

सरिताबाईंनी ताट त्यांच्या हातातून घेतलं. आत माणसं बसली होती, मेणबत्त्या लागल्या होत्या. भिंतीजवळची आपली जागा ओलांडून त्या पुढं गेल्या, फुलं ठेवली, वळल्या. आधी एकच वाक्य बोलल्या, मराठीत आणि मग पोरांसाठी हिंदीत: मी गोळी घेते, डॉक्टरच्या सांगण्यानं घेते, अजून थोडी उरली आहे, आणि इथं कोणी घेत असेल तर एकदम बंद करू नका, आधी मला भेटा. मागं हरिदासनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग शील सुरू झालं. चौथ्यावर त्या नेहमीसारख्या रेंगाळल्या. पाचव्याला थांबल्या नाहीत, ओळ शेवटापर्यंत गेली. मागून सगळ्यांनी ती उचलली. पहिल्या रांगेत राधाबाई होत्या, त्यांचे हात मांडीवर अजून थरथरत होते आणि त्या म्हणत होत्या.