नेच्यावरची सावली

“सर, अठीच उभे राहा जी जराक. तुमची सावली मोठी हाय.”

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकू दुपारी तीनला कुणालाही असं धरून उभं करायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. फाईल काखेत धरून ते पाच मिनिटं उभे राहिले, पण कशासाठी, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळायलाही वर्ष लागलं.

स्वयंपाकाच्या खोलीमागे, विहिरीच्या कडेला काकूंनी नेचा लावला होता. संग्रामपूरच्या त्या उन्हात! तांदूळ धुतलेलं पाणी तिकडे वळवलेलं, बुडाशी कुजका पाला, वर निंब. थंडी सरता सरता निंब झडला की उतरतं ऊन थेट नेच्यावर येई. तेवढ्या वेळापुरती काकूंना माणसं लागत.

मी जानेफळचा, शेतकऱ्याच्या घरातला. जे फुलत नाही, फळत नाही, गुरंही खात नाहीत, ते वाढवायचं कशाला?

“काकू, याचा उपयोग काय?”

“काऊन? तुमचा तरी रोज उपयोग होते काय सर?”

मी वर्गावर गेलो.

पुढे त्यांनीच सांगितलं. त्यांचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या ओढ्याकाठी जांभळीखाली नेचाच नेचा असायचा. ओढ्यावर पूल झाला, जांभळी गेल्या, नेचाही गेला. उरला तो काकूंनी आणलेला एवढा एक गड्डा. त्यातला अर्धा परत नेऊन लावला, तर तो जळला.

“आता हा अठी एक डाव पिकू द्या. मंग नेईन तिकडं.”

नेचा पिकतो म्हणजे काय, ते मला समजलं नाही. मी मान हलवली. मास्तरांना ती सवय असते.

त्या जानेवारीत काकू माहेरी गेल्या, ओढ्याकाठी ओलीची जागा तयार करायला. जाताना म्हणाल्या, “पाणी आन् सावली, दोनच पाहा सर.”

मी पाहिलं, आणि जरा जास्तच पाहिलं. चौथ्या दिवशी पान उलटलं तर खाली तांबूस ठिपक्यांच्या रांगाच रांगा. तांबेरा! गहू-सोयाबीनवर मी तो लहानपणापासून पाहिलेला. डागाची पानं होती तेवढी कापली, विहिरीमागच्या ओल्या विटांवर नेऊन टाकली, आणि घरून औषध आणून गड्ड्यावर फवारलं. नेचा वाचवला म्हणून दोन दिवस मी खुशीत होतो.

काकू आल्या. मी तांबेऱ्याचं सांगितलं. त्यांनी वाकून कापलेले देठ पाहिले.

“सर, थे बिमारी नोहती जी. थे बी होतं.”

“फूल नाही, फळ नाही, बी कुठून येईल?”

“मले काय माईत? माय सांगे, पानाखाली तांबडा भुरका आला की पिकला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. महिनाभरात गड्डा सुकला. आणि तरीही तीन वाजता हाक आलीच.

“उभे राहा जी जराक. मुळी जिती असन अजून.”

मी कोरड्या मातीवर सावली धरून उभा राहिलो. मुळी खरंच जिवंत असेल असं त्यांना वाटत होतं, की मला बरं वाटावं म्हणून त्या बोलत होत्या? मला अजून उलगडलेलं नाही. विचारायचं राहून गेलं. काकू त्याच उन्हाळ्यात वारल्या.

शाळा उघडल्यावर विहिरीमागे गेलो. पानं टाकली होती त्या विटांवर नखाएवढे हिरवे पापुद्रे उगवले आहेत. शेवाळ असेल. नेचा असेल. तुमच्यापैकी कुणाला ओळखता येत असेल तर येऊन पाहा, मला येत नाही. ज्यांना आलं असतं, त्या नाहीत.

परवा खिचडीवर आलेल्या नव्या बाईंनी विचारलं, “सर, रोज तीन वाजता या इटांपाशी काऊन उभे राह्यता?”

मी म्हणालो, “माझी सावली मोठी आहे.”