ओलं गोणपाट
ओल्या गोणपाटाचा वास आला की बिजौलीजवळची माझी कोंबड्यांची शेड आठवते. झाशीच्या उन्हात पत्रा तापायचा, म्हणून स्वस्तातला उपाय म्हणून त्यावर गोणपाट अंथरून मी सारखं पाणी मारायचो. शेजारच्या राखणदाराच्या खोलीलाही पत्राच होता. त्याची बायको म्हणाली, "भैयाजी, दो बोरे हमारे ऊपर भी डलवा दो, बिटिया तप रही है।" पाणी पुरत नाही, असं सांगून मी तिच्या पत्र्यावर गोणपाट टाकायचं टाळलं. दुपारी ती लेकीला घेऊन कोंबड्यांत बसलेली दिसली. "मुर्गियों को बीमारी लगेगी," म्हणत मी तिला बाहेर काढलं. "हमें भी मुर्गी समझ लेते, भैयाजी," एवढंच ती बोलली. संध्याकाळी ते सामान बांधून गेले. पोरीचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात माझी एकही कोंबडी मेली नाही, हे मात्र आजवर सगळ्यांना कौतुकानं सांगत आलो.